आईला हॉटेलवर ठेवू नका

पत्र: सप्रेम नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये मी आई-बाबांना रोमला नेते आहे. हातात पूर्ण चार दिवस आहेत. बाबा ७१ वर्षांचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांचं हे आयुष्यभराचं स्वप्न आहे. आई ६७ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी आहे, अंडंसुद्धा खात नाही. भावानं पाहण्यासारख्या २६ ठिकाणांची यादी पाठवली आहे, त्यात एक दिवस पाँपेईसुद्धा (ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन शहर) आहे. बाबांना त्यातलं एकही सोडायचं नाही. आई म्हणते, ‘मी बसेन हॉटेलवर, तुम्ही दोघं फिरून या.’ काय ठेवू आणि काय गाळू? शिवाय जेवणाचं, चोऱ्यांचं, तिकिटांचंही सांगा. — एक लेक, कोल्हापूर

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं आईचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्या घरांतल्या बायका हे वाक्य फार सहज बोलतात आणि आपणही ते फार सहज मान्य करतो. म्हणून पहिला सल्ला हाच: आईला हॉटेलवर ठेवू नका. यादी बाजूला ठेवा आणि आईला जेवढं चालवेल तेवढ्या अंतरात सहल आखा. बाबांचं यात काही बुडणार नाही. रोममध्ये पाहण्यासारखं इतकं दाटीवाटीनं आहे की कमी चालणाऱ्यालाही पुष्कळ मिळतं. दमछाक होते ती शहराच्या या टोकावरून त्या टोकाला धावणाऱ्यांची.

हिशेब सोपा ठेवा. सकाळी एक मोठं ठिकाण, दुपारी खोलीवर विश्रांती, संध्याकाळी एखादा चौक आणि जेवण. यापेक्षा जास्त काही नको. तिथली बरीच चर्चही दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात, त्यामुळे दुपारी झोपलात तर काही गमावत नाही. पाँपेई मात्र गाळाच. रोमहून नेपल्स, तिथून दुसरी गाडी, मग सावली नसलेल्या दगडी रस्त्यांवर काही तास आणि तेवढाच परतीचा प्रवास. चार दिवसांतला एक दिवस त्यात जातो आणि पुढचा दिवस आईचे गुडघे शेकण्यात.

राहायला कुठे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते आधी ठरवा. स्टेशनजवळचा तेर्मिनीचा भाग स्वस्त आणि सोयीचा आहे. तरी तुमच्यासाठी मी प्राती निवडेन. व्हॅटिकनच्या शेजारचा हा भाग सपाट आहे, फुटपाथ रुंद आहेत आणि मेट्रोची ए लाइन तिथून जाते. बुकिंग करताना ‘लिफ्ट आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘लिफ्टपर्यंत पोचायला किती पायऱ्या आहेत’ हेही लिहून विचारा. जुन्या इमारतींमध्ये लिफ्ट नंतर बसवलेली असते, बऱ्याचदा अर्धा जिना चढल्यावर. हॉटेलच्या बिलाशिवाय शहराचा कर वेगळा द्यावा लागतो, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे माणशी दर रात्री साधारण चार ते दहा युरो. आणि आईला आवर्जून सांगा की इटलीत न्हाणीघरात बहुतेक ठिकाणी बिडे असतं, म्हणजे पाण्याची सोय असते. युरोपच्या प्रवासात आपल्या वडीलधाऱ्यांना ज्या गोष्टीचं खरं टेन्शन असतं, पण कोणी तोंडानं बोलत नाही, ती इथे बरीचशी सुटते.

विमानतळावरून येताना लिओनार्दो एक्सप्रेस ही गाडी माणशी १४ युरोंत अर्ध्या तासात तेर्मिनीला आणते. पण तिघं जण, बॅगा आणि रात्रभरचा प्रवास पाहता टॅक्सी घ्या. फ्युमिचिनो विमानतळापासून जुन्या ऑरेलियन तटबंदीच्या आतल्या भागात यायला महापालिकेनं भाडं ठरवून दिलेलं आहे, पन्नास-पंचावन्न युरोंच्या आसपास. ते माणशी नसून पूर्ण गाडीचं असतं, सामानासकट. प्राती या ठरलेल्या भाड्याच्या हद्दीबाहेर पडू शकतं, तेव्हा बसण्याआधी पत्ता दाखवून भाडं विचारून घ्या. गाडी पांढरी, डोक्यावर टॅक्सीची पाटी असलेली आणि रांगेतलीच घ्या. आगमन कक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जवळ येणाऱ्याबरोबर जाऊ नका.

आता चप्पल-बुटांचं. रोमचे जुने रस्ते काळ्या बसाल्टच्या चौकोनी चिऱ्यांचे आहेत. चिरे वरून गुळगुळीत, मधल्या फटी बोटभर आणि पृष्ठभाग कुठे उंच, कुठे खोल. पाऊस पडला की ते निसरडे होतात. चपलेवर चालणाऱ्या बाईचा पाय तिथे नक्की मुरगळतो. आईला आजच जाड आणि मऊ तळव्याचे बूट घेऊन द्या. साडीवर बूट बरे दिसत नाहीत असं ती म्हणेल, तरी घ्या. आणि महिनाभर रोज संध्याकाळी रंकाळ्यावर तिच्याबरोबर चाला, तेच बूट घालून. तिला किती मिनिटांनी बसावं लागतं ते तुम्हाला तिथेच कळेल, आणि तोच आकडा रोममध्ये तुमचं घड्याळ ठरेल. घडीची काठी सोबत ठेवा. काठी हातात असली की रांगेत लोक आपणहून पुढे जाऊ देतात आणि बसमध्ये जागाही देतात.

पहिल्या संध्याकाळी टॅक्सी करून पियात्सा नावोनाला जा. चौकाच्या मधोमध शिल्पकार बेर्निनीनं १६५१ मध्ये पूर्ण केलेलं चार नद्यांचं कारंजं आहे. चार खंडांच्या चार नद्या, माणसांच्या रूपात: नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. नाईलनं तोंडावर कापड ओढून घेतलंय, कारण तिचा उगम तेव्हा युरोपात कोणाला ठाऊक नव्हता. गंगा म्हणजे हातात लांब वल्हं घेतलेला दाढीवाला पुरुष. आईला दगडी बाकावर बसवा आणि या चौघांतली गंगा कोणती ते ओळखायला सांगा. गंगेला पुरुष केलेलं पाहून ती काय म्हणते, ते मला जरूर कळवा.

तिथून हळूहळू चालत पँथियन हे प्राचीन रोमन देऊळ जवळच आहे. त्याला २०२३ पासून ५ युरोंचं तिकीट आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी हेड्रियन बादशहाच्या काळात बांधलेला हा घुमट. व्यास ४३ मीटरहून थोडा जास्त, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच. बिनसळईच्या काँक्रीटचा इतका मोठा घुमट आजवर दुसरा झालेला नाही. माथ्यावरचं गोल भोक उघडंच आहे. पाऊस आला तर तो आत पडतो, आणि खालच्या संगमरवरी फरशीला जी बारीक भोकं आहेत त्यांतून निथळून जातो. बाबांना ही भोकं शोधायला सांगा, सहज दिसत नाहीत. पाऊस पडत असेल तर इथे जायचं टाळू नका, उलट मुद्दाम जा.

दोन्ही ठिकाणांच्या मध्येच सान लुईजी देई फ्रांचेझी नावाचं चर्च आहे. तिकीट नाही. आत डाव्या बाजूच्या शेवटच्या देवळीत चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. भावाच्या यादीत हे बहुधा नसेल. पण माझ्या मते अख्ख्या रोममध्ये फुकट पाहायला मिळणारी यापेक्षा मोठी गोष्ट नाही. खिशात सुटी नाणी ठेवा. अशा चर्चमध्ये पेटीत नाणं टाकलं की चित्रावरचा दिवा काही वेळ लागतो आणि मग विझतो. एका चित्रात अंधाऱ्या खोलीत पैसे मोजत बसलेली माणसं आहेत आणि उजवीकडून तिरपा उजेड येतो. येशूचा हात त्या उजेडाखाली कुणाकडे तरी दाखवतोय. नक्की कुणाकडे, यावर अभ्यासक अजून भांडतात.

दुसरा दिवस बाबांचा. कोलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर ३० दिवस आधी खुली होतात आणि भराभर संपतात, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. साधं तिकीट १८ युरोंचं, त्यात फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलेटाइन टेकडीही येते. तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारात ओळखपत्र बघतात. म्हणून पासपोर्टवर जसं नाव आहे अगदी तसंच भरा, स्पेलिंगसकट. तिकिटं संपली म्हणून रस्त्यावर कोणी ‘रांगेशिवाय आत नेतो’ म्हणाला तर ऐकू नका. आत वर जायला लिफ्ट आहे. आईच्या गुडघ्यांचं सांगून प्रवेशाजवळच्या कर्मचाऱ्याला विचारा.

कोलोसियम झाल्यावर तिघांनी मिळून फोरममध्ये उतरू नका. खाली उंचसखल दगड आहेत, बसायला जागा कमी आणि ऊन थेट डोक्यावर. पाच-दहा मिनिटांवर सान क्लेमेंते चर्च आहे, तिथे चला. वरचं चर्च बाराव्या शतकातलं, प्रवेश खुला. आई तिथे गारव्यात बसून वेदीवरची सोनेरी मोझेक बघेल. बाबांना तिकीट काढून खाली पाठवा. जिना उतरला की त्या चर्चच्या खाली चौथ्या शतकातलं चर्च. आणखी खाली उतरलं की पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या रोमन इमारती आणि मिथ्रास ऊर्फ मित्र या देवतेचं देऊळ, दोन्ही बाजूंना दगडी ओटे आणि मध्ये बैल मारणाऱ्या मित्राची शिळा. तळाशी भिंतीपलीकडून वाहत्या पाण्याचा आवाज सतत येत असतो. इतिहास शिकवण्यात हयात घातलेल्या माणसाला एका जिन्यात अकरा-बारा शतकं उतरता येतात, अशी जागा दुसरीकडे शोधून मिळणार नाही.

फोरम नंतर वरून पाहा. कॅपिटोलाइन टेकडीवर जायला दोन वाटा आहेत. डावीकडची आराचेली चर्चची, सव्वाशेच्या आसपास खड्या पायऱ्यांची. तिच्याकडे वळूच नका. शेजारची मिकेलांजेलोनं आखलेली, रुंद आणि ठेंगण्या टप्प्यांची, जवळजवळ उतारासारखी. त्या वाटेनं आईला थांबत थांबत वर न्या. चौकातल्या मोठ्या इमारतीच्या मागे गेलात की अख्खं फोरम पायाखाली पसरलेलं दिसतं, तेही फुकट. संध्याकाळची वेळ उत्तम. लांबवर तीन प्रचंड कमानी दिसतात ती मॅक्सेंशियसची बॅसिलिका. ती बांधली त्या जागी आधी डोमिशियन बादशहानं उभारलेली मिरीची आणि मसाल्यांची कोठारं होती. मिरी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजांनी जायची. भारत दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून घेतो, अशी तक्रार थोरला प्लिनी या रोमन लेखकानं पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. तुम्ही तर कोल्हापूरच्या. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, ती याच व्यापारातून आली. निघण्याआधी बाबांबरोबर एकदा ती पाहून या. मग कॅपिटोलाइनवर उभं राहून बोलायला बाबांकडे इतकं असेल की वाटाड्या घ्यावा लागणार नाही.

तिसरा दिवस व्हॅटिकनचा. तो बुधवार आणि रविवार सोडून ठेवा. बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असते, तेव्हा सेंट पीटर्स हे मोठं चर्च साधारण दुपारपर्यंत बंद असतं. रविवारी म्युझियम बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा फुकट आणि म्हणून तुडुंब. म्युझियमचं तिकीट आधी काढा, सकाळचं सर्वांत पहिलं. आतला रस्ता लांबच लांब आहे आणि सिस्टाइन चॅपल शेवटाकडे येतं. आईसाठी व्हीलचेअर मागा. म्युझियम ती विनामूल्य वापरायला देतं. ‘मी काय पांगळी आहे का’ असं ती म्हणेल. तेव्हा सांगा की मान वर करून मिकेलांजेलोचं छत बघायचं तर खुर्चीत बसून बघणाराच सगळ्यांत सुखी. सिस्टाइनमध्ये फोटो काढायला आणि बोलायला मनाई आहे.

सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, पंजाबी ड्रेस चालतो. बिनबाह्यांचा ब्लाउज असेल तर वर शाल घ्या. घुमटावर जायच्या ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी पुढे ३२० उरतातच, आणि वरचा जिना भिंतीसारखाच तिरका होत अरुंद होत जातो. बाबांनीही जाऊ नये. त्याऐवजी आत शिरल्यावर उजव्या हाताला पिएता हे मेरी आणि येशूचं शिल्प आहे, तिथे वेळ द्या. १९७२ मध्ये एकानं हातोड्यानं घाव घातल्यापासून ती काचेमागे आहे. मांडीवर मुलाचं कलेवर घेतलेली आई, आणि तिचा तो उघडा, उताणा डावा हात. मिकेलांजेलोनं हे केलं तेव्हा तो पंचविशीच्या आतला होता.

चौथ्या दिवशी बोर्गेझे गॅलरी. इथेही आधी वेळ घेतल्याशिवाय प्रवेश मिळत नाही आणि सोमवारी बंद असते. एका तुकडीला दोन तास देतात, आणि तेवढेच पुरतात. ही वास्तू आईला झेपेल एवढीच आहे, आणि बाहेर मोठी बाग. बेर्निनीचं ‘अपोलो आणि डाफ्ने’ हे शिल्प पाहताना मागून एक फेरी मारा. पळणाऱ्या मुलीच्या बोटांची पानं होताहेत, पायाच्या बोटांना मुळं फुटताहेत, संगमरवर इतका पातळ की उजेड आरपार दिसतो. उरलेली संध्याकाळ मोकळी सोडा. त्रेव्ही कारंजं पाहायचंच असेल तर सकाळी लवकर जा. स्पॅनिश स्टेप्सवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो, हे आईला आधीच सांगा. पायऱ्या दिसल्या की ती बसणार.

जेवणाचं आता नीट ऐका, कारण ‘शाकाहारी’ म्हटलं की इटलीत सगळं सोपं, हा समज अर्धाच खरा आहे. कार्बोनारा, आमात्रिचाना, ग्रीचा या रोमच्या तीनही प्रसिद्ध पास्त्यांत डुकराचं मांस असतं. काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि मिरी, यात नसतं. पण पेकोरीनो काय किंवा पार्मेझान काय, ही चीजं प्राण्याच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेली असतात. हे आईला आधी घरी सांगा आणि खायचं की नाही ते तिला ठरवू द्या. तिथे जाऊन कळलं तर तिचा जीव खट्टू होईल. तोनारेल्ली, फेत्तुचीने अशा ताज्या पास्त्यात अंडं असतं. सुकी स्पॅगेटी फक्त गव्हाची आणि पाण्याची, ती मागा. तिरामिसूत कच्चं अंडं असतं. सुप्ली नावाचे तळलेले भाताचे गोळे दिसतील, त्यांत बहुधा खिमा असतो. पुंतारेल्ले या हिरव्या पाल्याच्या कोशिंबिरीत मासा वाटून घालतात.

मग आईनं खायचं काय? पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाहीच. कापून वजनावर विकतात त्यातला पिझ्झा रोस्सा, म्हणजे नुसत्या टोमॅटोचा. टोमॅटोची स्पॅगेटी, चीज न घालता. आणि एप्रिलमध्ये जाताय म्हणजे आर्टिचोक या भाजीचा मोसम आहे. ज्यू वस्तीतल्या खानावळींत अख्खा आर्टिचोक तेलात दोनदा तळून फुलासारखा उमलवतात, वर फक्त मीठ. बाहेरच्या पाकळ्या कुरकुरीत, आत मऊ गाभा. आईला हा पदार्थ आवडणारच, पैज लावते. वेटरला म्हणायचं: ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा’, मांस, मासे, अंडं नको. बाबांना कॉफी प्यायची तर काउंटरशी उभं राहून प्या. टेबलावर बसलं की त्याच कपाचे बऱ्याचदा दुप्पट होतात. आईला मात्र बसवाच, ते पैसे बसण्याचे समजा.

घरून न्यायचं तर चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. तूप, पेढे, बर्फी, चक्का काही नेऊ नका. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांनी आणायला युरोपीय संघात बंदी आहे; विमानतळावर काढून टाकतील. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्तोरस्ती बिडाचे ठेंगणे नळ अहोरात्र वाहत असतात, १८७४ पासून बसवलेले. पाणी गार आणि पिण्याचं आहे. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उसळते आणि न वाकता पिता येतं. आईच्या गुडघ्यांसाठी ही युक्ती फार कामाची.

चोऱ्यांबद्दल घाबरू नका, पण सोनं घरी ठेवा. आईला मंगळसूत्राऐवजी काळ्या मण्यांची साधी पोत घाला आणि हातात काचेच्या बांगड्या. पाकीटमार सर्वांत जास्त तेर्मिनी स्टेशनात, मेट्रोच्या ए लाइनवर आणि तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये. चढता-उतरताना दारात उगाच गर्दी झाली की बाबांचा हात पाकिटावर हवा. पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात, मागच्या खिशात कधीच नाही. कोणी हातात धागा बांधायला, गुलाब द्यायला किंवा कागदावर सही घ्यायला आलं तर हात मागे घ्या आणि चालत राहा. बाबा सौजन्यानं थांबतील, त्यांना आधी बजावा. कार्ड वापरताना यंत्रानं ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरोच निवडा. रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. बसचं कागदी तिकीट ‘टी’ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतं. दीड युरो, १०० मिनिटं. बसमध्ये चढल्यावर ते यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड. गाडी भाड्यानं मुळीच घेऊ नका. जुन्या शहरात परवान्याशिवाय शिरलेल्या गाडीचा नंबर कॅमेरा टिपतो आणि दंड घरपोच येतो.

तारखा ठरवताना ईस्टरचा आठवडा टाळा. २५ एप्रिल आणि १ मे या सुट्ट्यांनाही गर्दी होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम फुकट असतं, त्या दिवशी तिकडे फिरकू नका.

आणि हे सगळं करण्याआधी या आठवड्यात व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं बघा. शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तारखा मिळत नाहीत. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आई-बाबांच्या वयाला तो कोणती कंपनी देते आणि जुन्या दुखण्यांना लागू आहे का, हे एजंटाकडून लेखी घ्या. आईच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा; चेक-इन केलेल्या बॅगेत नको. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधांचं दुकान. कुठल्याही संकटात ११२ फिरवा, फोन इंग्रजीतही घेतात.